झाडं डोंगर चढतात म्हणजे नेमकं काय? (आणि आपल्या सड्याचं, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या पठाराचं, काय?)

जांभादगड | ३ जून, रात्री ९:४०

तालुक्याच्या निसर्ग प्रदर्शनासाठी एक फलक लिहायचा आहे. विषय: हवामान तापतंय तशा थंड प्रदेशातल्या वनस्पती जागा कशा बदलतात. फलक ३ फूट बाय ४ फूट, म्हणजे मजकूर फार तर शंभर शब्द. कच्चा मजकूर असा:

"शंभर मीटर वर गेलं की तापमान सुमारे ०.६५ अंशाने उतरतं. म्हणजे हवा १ अंशाने तापली तर तोच गारवा मिळवायला वनस्पतींना १५० मीटर वर जावं लागेल. आल्प्स, हिमालय, अँडीज सगळीकडे वनस्पती अशाच वर सरकत आहेत. जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्टने १८०२ मध्ये इक्वेडोरच्या चिंबोराझो पर्वतावर नोंदवलेल्या वनस्पती आता ५०० मीटर वर गेल्या आहेत. उद्या आपल्या सड्यावरची फुलंही आंबोली गाठतील."

तीन शंका. गणित बरोबर आहे का? चिंबोराझोचा आकडा छापू का? आणि शेवटचं वाक्य कोकणातल्या माणसाला जवळचं वाटावं म्हणून टाकलंय, ते शास्त्राला धरून आहे का? जाणकारांनी निर्दयपणे काटछाट करावी.

मालवणी_बांगडो | ३ जून, रात्री ९:५२

सड्यावयली फुलां आंबोलेक जातली? एष्टीन की चलत? सावंतवाडेक गाडी बदलूची लागतली, तां पण फलकार लिवा.

हिमरेषा | ३ जून, रात्री ११:१५

चिंबोराझोचा आकडा छापू नका. हम्बोल्टची जुनी नोंद आणि २०१२ मधली नवी पाहणी ताडून २०१५ मध्ये '५०० मीटरहून जास्त' असं प्रसिद्ध झालं होतं, ते खरं. पण २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने हम्बोल्टच्या वह्या आणि त्याने वाळवून ठेवलेले नमुने तपासले. त्याचं ते प्रसिद्ध चित्र एकाच डोंगराची नोंद नाही, अनेक ठिकाणची माहिती एका डोंगरावर रचलेली आहे. अगदी वरच्या पट्ट्यातल्या वनस्पती त्याने बहुतांशी अँटिसाना या दुसऱ्या ज्वालामुखीवर गोळा केल्या होत्या. मग अँटिसानावर जाऊन पुन्हा मोजलं तेव्हा वाढ निघाली २१५ ते २६६ मीटर, म्हणजे आधीच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास. सरकणं खरं, आकडा खोटा.

आता गणित. ते हवेचं आहे, झाडांचं नाही. ०.६५ ही सरासरी; ढगाळ दमट हवेत उतार कमी असतो, कोरड्या हवेत ०.९८ पर्यंत जातो. पण खरी गोची वेगळी आहे. उंच झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, त्यामुळे त्याचं तापमान हवेइतकंच. त्याच्यापुढे, वृक्षरेषेच्या (जिथे उंच झाडं संपतात त्या रेघेच्या) वर, उशीसारखी जमिनीला चिकटून वाढणारी झुडपं असतात. उन्हात त्यांच्या आतलं तापमान हवेपेक्षा दहा-दहा अंशांनी जास्त असू शकतं. म्हणजे हवामान केंद्रावरचा आकडा त्या झुडपाला लागूच नाही. आणि अशा उतारावर एक अंश गारवा शोधायला १५० मीटर चढायची गरजही नसते. दगडाच्या उत्तरेकडची बाजू, घळीचा तळ, बर्फ उशिरा वितळणारा खड्डा. पाच-दहा मीटरवर दुसरं हवामान सापडतं.

वृक्षरेषा मात्र तापमानाला बऱ्यापैकी इमानदार आहे. जगभर ती साधारण तिथे थांबते जिथे वाढीच्या हंगामात मुळांजवळचं सरासरी तापमान ६ ते ७ अंश असतं. कारण अन्न कमी पडतं हे नव्हे. पानं थंडीतही साखर करत राहतात, पण पाचेक अंशांखाली पेशी नवं लाकूड बांधू शकत नाहीत. शिधा घरात आहे, गवंडी कामावर नाही.

दवणा | ४ जून, सकाळी ७:३०

गवंड्याचं उदाहरण फलकावर घ्या, बाकी काही नको :)

जांभादगड, 'वर जातात' या शब्दाबद्दल. एकही झाड कुठे जात नाही. दोन कडा असतात. वरच्या कडेला बी पडतं, रुजतं आणि रोप पहिले चार-सहा हिवाळे काढतं. खालच्या कडेला जुनी झाडं मरतात आणि नवी रोपं उभी राहत नाहीत. ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांचे वेगही वेगळे. वरची कड बियांच्या उड्डाणावर चालते. म्हाताऱ्या उडवणाऱ्या जाती आधी पोचतात, जड बियांच्या मागे राहतात. खालची कड हट्टी असते. आल्प्समध्ये वळलेल्या पातीचं एक लव्हाळ्याच्या कुळातलं गवत आहे, त्याचे गड्डे कंदांनी पसरत हजारो वर्षं जगलेले आहेत. खाली हवा बदलली म्हणून ते दहा-वीस वर्षांत उठत नाही. त्यामुळे डोंगर 'रिकामा' होताना दिसत नाही, 'भरताना' दिसतो.

म्हणूनच २०१८ मध्ये युरोपातल्या ३०२ शिखरांचा हिशेब आला तेव्हा ८७ टक्के शिखरांवर जातींची संख्या वाढलेली होती. १९५७–६६ च्या दशकात जितक्या नव्या जाती शिखरांवर आल्या, त्याच्या पाचपट २००७–१६ मध्ये आल्या. लोक हे वाचून टाळ्या वाजवतात. पण पाहुणे आलेत आणि घरचे अजून गेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

संकासूर | ४ जून, सकाळी १०:०५

माझं काम आडवं जाणं, नावातच आहे.

शंभर वर्षांपूर्वी शिखरावर एक म्हातारा वनस्पतीशास्त्रज्ञ खेचरावर बसून जायचा, तासभर थांबायचा. आता दहा जणांची टोळी जीपीएस, भिंग, ॲप घेऊन दोन दिवस बसते. जाती जास्त दिसणारच. मग 'पाचपट' मधलं हवामान किती आणि डोळे किती?

हिमरेषा | ४ जून, दुपारी १:२०

रास्त शंका, आणि नवी नाही. म्हणूनच जुन्या याद्यांवर विसंबणं थांबवून २००१ पासून कायमच्या चौकटी आखायला सुरुवात झाली. या पद्धतीचं नाव ग्लोरिया, केंद्र व्हिएन्नात. एका प्रदेशात चार शिखरं घ्यायची, वृक्षरेषेपासून वनस्पतींच्या शेवटच्या हद्दीपर्यंत टप्प्याटप्प्याने. प्रत्येक शिखराच्या टोकापासून ५ मीटर खाली चारही दिशांना एकेक चौकट, ३ मीटर बाय ३ मीटर. तिची नऊ घरं होतात. मोजायची फक्त चार कोपऱ्यांतली एक-एक चौरस मीटरची घरं. मधली पाच उभं राहायला, सामान ठेवायला. कारण मोजणाऱ्याची पावलंच वनस्पती मारतात. मधल्या घरात १० सेंटिमीटर खोल तापमानाचा लॉगर (आपोआप नोंद ठेवणारं यंत्र) पुरायचा. मग काही वर्षांनी त्याच चौकटी, त्याच महिन्यात.

२००१ ते २००८ या अवधीत युरोपातल्या ६६ शिखरांवर जाती सरासरी २.७ मीटर वर सरकल्या होत्या. आकडा छोटा आहे, पण इथे तुमचा 'डोळे किती' हा प्रश्न बराच मिटतो. आणि गंमत अशी, उत्तर आणि मध्य युरोपात शिखरांवर जाती वाढल्या, भूमध्य समुद्राकडच्या शिखरांवर त्यांची संख्या तेवढीच राहिली किंवा घटली. तिथे तापमान वाढलं तसा उन्हाळाही कोरडा झाला. खालून येणाऱ्याला वर पाणी नाही.

घाटमाथा | ४ जून, दुपारी ३:४५

पाण्याचा मुद्दा फलकात आलाच पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या ६४ जातींचं १९३० च्या दशकातलं आणि आजचं स्थान ताडलं तेव्हा त्या सरासरी ८० मीटर *खाली* सरकलेल्या निघाल्या. तापमान वाढूनही. कारण तिथे पावसाची वाढ बाष्पीभवनाच्या वाढीपेक्षा जास्त होती, म्हणजे खालच्या उतारांवर पूर्वी जे कोरडं होतं ते सुसह्य झालं.

हिमालयात भूर्जाचंही तसंच. मध्य हिमालयात भूर्जाच्या वृक्षरेषेवर वाढ अडते ती थंडीने कमी आणि मार्च ते मे मधल्या कोरडेपणाने जास्त. पावसाळ्याआधी जमीन तापते, बर्फ लवकर गेलेला असतो, पावसाला अजून महिना असतो, आणि रोपं वाळतात. त्यामुळे तापतंय तर भूर्ज वर जाईल असं सरळ म्हणता येत नाही. जगभरातल्या १६६ वृक्षरेषांचा आढावा २००९ मध्ये आला, त्यातल्या ५२ टक्केच पुढे सरकल्या होत्या. मागे हटलेल्या एक टक्का. उरलेल्या जागच्या जागी.

संकासूर | ४ जून, दुपारी ४:१०

म्हणजे निम्म्या हलल्या नाहीत, काही खाली आल्या, हम्बोल्टचा आकडा निम्मा झाला. फलकावर 'काय ते कळेना' असं लिहा आणि खाली लाडू वाटा.

दवणा | ४ जून, सायंकाळी ६:००

नाही हो, इतकं पातळ करू नका. दिशा पक्की आहे, वेग बदलता आहे. पश्चिम युरोपातल्या जंगलांतल्या १७१ जातींचा हिशेब २००८ मध्ये आला: दशकाला २९ मीटर वर. आपल्याकडे सिक्कीममध्ये ब्रिटिश वनस्पतीशास्त्रज्ञ हुकरने १८४९–५० मध्ये ज्या उंचीवर वनस्पती नोंदवल्या होत्या, त्याच खोऱ्यांत पुन्हा जाऊन १२४ जाती शोधल्या तेव्हा ८७ टक्के जातींची जागा बदललेली होती, सरासरी दशकाला २७ मीटरच्या आसपास. दोन वेगळे खंड, दोन वेगळे गट, आकडा जवळजवळ तोच. लडाखात तर ६,१५० मीटरवर फुलझाडं सापडली आहेत.

आणि 'जागच्या जागी' म्हणजे 'परिणाम नाही' असं नाही. वृक्षरेषेची ओळ तीच राहून आतली झाडं दाट होऊ शकतात, किंवा आडवी वाढणारी झुडपं उभी होऊ शकतात. ओळ मोजली तर शून्य, खोडं मोजली तर बदल.

मोजपट्टी | ४ जून, रात्री १०:३०

आतापर्यंत कुणी उंची मोजायची कशी हे विचारलं नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे. बदल दशकाला २५–३० मीटर. हातातल्या जीपीएसची उभी चूक सहज १०–२० मीटर. म्हणजे अर्ध्या दशकाचा बदल यंत्राच्या डुलकीत गेला.

कोकणात आणखी एक सापळा आहे. मोबाइलमधला जीपीएस मुळात जी उंची काढतो ती समुद्रसपाटीपासूनची नसते, पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते. आपल्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. काही ॲप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. न करणारं ॲप घेऊन पुळणीवर उभं राहिलं तर उंची 'उणे साठ-सत्तर' दाखवेल. एकाने पहिल्या वर्षी एक ॲप वापरलं आणि दुसऱ्याने पाच वर्षांनी दुसरं, की झाली तुमची वनस्पती साठ मीटर वर. म्हणून वहीत ॲपचं नाव आणि उंचीचा प्रकार लिहा.

दाबावर चालणारा उंचीमापक बरा, पण तो दाबाबरोबर नाचतो. समुद्रसपाटीला १ मिलिबार म्हणजे साधारण साडेआठ मीटर. आपल्या अक्षांशावर हवेचा दाब रोज दोनदा चढतो-उतरतो, दोन-तीन मिलिबार. म्हणजे सकाळी दहाला आणि दुपारी चारला एकाच दगडावर वीसेक मीटरचा फरक. उपाय सोपा: माहीत उंचीच्या ठिकाणी सुरू करताना जुळवा, परत येताना पुन्हा बघा, फरक वेळेनुसार वाटून टाका. माहीत उंचीचं ठिकाण कुठलं? रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेलीच असते.

सगळ्यात उत्तम, उंची मोजूच नका. कायमची खूण करा आणि खुणेपासून टेप लावा.

मालवणी_बांगडो | ४ जून, रात्री १०:४१

म्हणजे दर्यार उभो रवलंय तर मोबायल सांगता मी पाण्याखाली साठ मीटर? माझो बांगडो बरो, तेका तरी म्हायत आसता आपण खय आसा तां.

खाडीकाठची | ५ जून, सकाळी ८:१५

वाचनखूण साठवली. मोजपट्टींचा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा.

डोंगराबरोबर ध्रुवाकडचंही एक वाक्य टाका. तिथे सरकणं उंचीत नाही, किलोमीटरमध्ये मोजतात. अलास्कात पांढरा स्प्रूस दशकाला चार किलोमीटरहून जास्त वेगाने उत्तरेकडे टुंड्रात शिरतोय, तोही मधली डोंगररांग ओलांडून. अंटार्क्टिकात स्थानिक फुलझाडं दोनच: एक गवत आणि एक मखमली गादीसारखं रोप. सिग्नी बेटावर २००९ ते २०१८ मध्ये ती जितकी पसरली तितकी आधीच्या पन्नास वर्षांत पसरली नव्हती.

अवांतर: भारताचं ध्रुवीय संशोधन केंद्र वास्कोला कुठे आहे माहीत आहे ना? हेडलँड *सडा*. आर्क्टिकमधलं आपलं 'हिमाद्री' ठाणं (२००८ पासून, स्वालबार्डमध्ये) सड्यावरून चालतं. जांभादगड, हे तुमचं कोकणाशी जवळचं वाक्य.

जांभादगड | ५ जून, सकाळी ९:००

हे फारच भारी! घेतलं.

पण मग सड्यावरची फुलं आंबोलीला जाणार की नाही, ते कुणी सांगितलंच नाही.

कलमवाला | ५ जून, सकाळी ९:३०

फुलांचं माहीत नाही, हापूस चाललाय म्हणतात. घाटावर, गुजरातेत, कुठे कुठे लागवडी होताहेत. हे पण तेच ना?

दवणा | ५ जून, सकाळी ११:१०

नाही. हापूस कलम जिथे लावाल तिथे जातो, त्याला बी उडवावं लागत नाही. हिमाचलात सफरचंदाचा पट्टा वर गेला तोही रोपवाटिकेच्या ट्रकमधून. रॉयल डिलिशससारख्या जातीला हिवाळ्यात ७ अंशांखालचे हजारेक तास लागतात, ते खालच्या बागांत भरेनात, म्हणून खाली डाळिंब नि किवी आले आणि सफरचंद वर. त्यात वेळ लागतो फक्त शेतकऱ्याने ठरवायला. रानटी जातीला मात्र वरची कड स्वतःच गाठावी लागते, आणि पिकाचा वेग रानाला लावला की चूक होते.

कलमवाला | ५ जून, सकाळी ११:४०

मान्य. पण थंडीचा संबंध हापूसला आहेच. पालवी चार-पाच महिन्यांची पक्की झाली, पाऊस नीट थांबला आणि रात्री गारवा पडला की डोळा मोहोराचा होतो, नाहीतर पालवीचा. हल्ली होतं काय, गारवा तुकड्या-तुकड्याने येतो. पहिल्या मोहोराला फळ धरलं की पुन्हा थंडीची लाट, पुन्हा मोहोर, आणि अन्न नव्या मोहोराकडे गेलं की वाटाण्याएवढी फळं गळतात. त्यावर जिबरेलिक आम्ल ५० पीपीएम मोहोर उमलल्यावर, म्हणजे १ ग्रॅम २० लिटरला. पावडर थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायची. इथेच बरेच जण चुकतात आणि मग औषधाला नावं ठेवतात.

संकासूर | ५ जून, दुपारी १२:०५

धागा आंब्यावर आला. कोकणातला प्रत्येक धागा शेवटी आंब्यावर येतो, हा पण एक निसर्गनियम.

घाटमाथा | ५ जून, दुपारी २:३०

चला, सड्यावर परत. जांभादगड, तुमचं शेवटचं वाक्य काढा. कारणं सांगतो.

एक, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यावरची बहुतेक मंडळी (गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू) पावसाळी वर्षायू आहेत. जूनमध्ये रुजतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टाकून संपतात. उन्हाळ्यातला जांभा तापतो तेव्हा त्या बी म्हणून झोपलेल्या असतात. दीपकाडीसारखी कंदवाली मे महिन्यात जमिनीखाली. त्यांची हद्द तापमान ठरवत नाही. ठरवतं ते हे, की कातळावर माती दोन सेंटिमीटर आहे की दहा, आणि खळग्यात पाणी पंधरा दिवस राहतं की दोन महिने. पावसात वीस दिवसांची उघडीप पडली तर पातळ मातीतली गेंदं फुलायच्या आत वाळतात. मोजायचं तर ते मोजा.

दोन, उत्तरेकडे पळून फायदा नाही. समशीतोष्ण पट्ट्यात शे-दीडशे किलोमीटर उत्तरेला गेलं की अंशभर गारवा मिळतो. इथे रत्नागिरी आणि मुंबईचं वार्षिक सरासरी तापमान जवळपास एकच, २७ च्या आसपास. तापमानाचा उतार जवळजवळ सपाट आहे.

तीन, वर जायचं तर मध्ये कडा आहे. किनाऱ्याचा सडा शंभर-दोनशे मीटर, आंबोली-चौकुळचा सातशेच्या आसपास, आणि मधल्या उतारावर गर्द रान. सड्याच्या फुलाला उघडा कातळ हवा, सावली चालत नाही. त्यातून आंबोलीला पाऊस किनाऱ्याच्या दुपटीहून जास्त. तिथे त्याच कुळातल्या दुसऱ्या जाती आधीच बसलेल्या आहेत.

खऱ्या अर्थाने 'थंडीच्या' वनस्पती बघायच्या तर सह्याद्रीत दक्षिणेला जावं लागेल. निलगिरी, अण्णामलाई, दोन हजार मीटरच्या वर. तिथे गवताळ माळ आणि शोला (घळींतलं बुटकं सदाहरित रान) शेजारी-शेजारी असतं, आणि त्यांच्यातली रेघ हिवाळ्यातलं दहिवर राखतं. उघड्या माळावर रात्री पाणी गोठतं, शोलाच्या झाडांची रोपं त्यात मरतात. रानाच्या छताखाली तेवढी थंडी पोचत नाही. तापमान वाढलं, दहिवराच्या रात्री कमी झाल्या, की ही रेघ सुटते. पण शोलाची झाडं सावकाश येतात, त्यांच्या आधी बाहेरून आणून लावलेली वॅटल बाभूळ माळ व्यापते, तिला दहिवर सोसतं. आणि वर जायला जागा? अनाईमुडी २,६९५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. त्याच्या वर आकाश.

हिमरेषा | ५ जून, दुपारी ४:००

+१. थंडीबद्दल एक गोष्ट राहिली, ती लोकांना उलटी वाटते: तापमान वाढलं की काही झाडं *गारठून* मरतात. बर्फ म्हणजे गोधडी. जाड बर्फाखाली जमीन शून्याच्या आसपास राहते, वर हवा उणे वीस का असेना. बर्फ कमी पडला किंवा महिनाभर आधी वितळला की झाड लवकर जागं होतं, कोवळा कोंब काढतं आणि एप्रिल-मेची एक गोठवणारी रात्र तो जाळून टाकते. त्यामुळे सरासरी तापमानाचा आलेख एकटा बघू नका. बर्फ गेल्याची तारीख आणि त्यानंतरची सगळ्यात थंड रात्र, हे दोन आकडे जास्त बोलतात.

संकासूर | ५ जून, दुपारी ४:२०

हे मात्र आवडलं. आडवं जायला जागा नाही. फक्त एक विचारतो, डोंगरावर गुरं चरायची थांबली तरी झाडं वर जातातच ना?

दवणा | ५ जून, सायंकाळी ५:४५

जातात. आणि आल्प्समध्ये ते मोठं कारण आहे. उन्हाळी कुरणं सोडून दिली की वर्षानुवर्षं चरून खाली दाबून ठेवलेली झाडं उसळून वर येतात. स्वित्झर्लंडमध्ये रान वाढलं त्यातला मोठा वाटा रिकाम्या कुरणांचा, हवामानाचा लहान. हे वेगळं काढायचं तर जिथे कधीच चराई नव्हती असे कडे-सुळके वेगळे मोजावे लागतात. सड्यावर वणवा, गुरं, आणि जांभा फोडून लावलेली कलमं, तिन्ही आहेत. दहा वर्षांनी गेंद दिसलं नाही तर आधी बघा तिथे कलमाचा खड्डा आहे का.

आणि जुन्या नोंदींवर भिस्त ठेवू नका. एकोणिसाव्या शतकातल्या वाळवलेल्या नमुन्यांवर छापील चिठ्ठी असते, 'मलबार, कोकण इत्यादी', खाली 'स्टॉक्स, लॉ इत्यादी'. दोनदा 'इत्यादी', ना गाव, ना उंची. सिक्कीममध्ये हुकरने फुटांत उंच्या लिहून ठेवल्या म्हणून तो अभ्यास होऊ शकला. आपल्याला मागे जाऊन ताडता येणार नाही. आज खूण केली तर पुढच्याला ताडता येईल.

मोजपट्टी | ५ जून, रात्री ९:५०

मग खूण कशी करायची तेही लिहितो, सड्याच्या हिशेबाने. व्हिएन्नाची पद्धत जशीच्या तशी चालत नाही.

खिळा जांभ्यात बसत नाही, बसला तर पहिल्या पावसात गंजून तांबड्या मातीत हरवतो. ड्रिलने ८ मिलिमीटर भोक, त्यात स्टेनलेस बोल्ट, डोकं कातळाच्या पातळीत, वर रंग नको (रंग दिसला की कुणीतरी उपटतो). चार बोल्ट, ३ मीटर बाजू, कर्ण ४ मीटर २४ सेंटिमीटर आला की चौकोन काटकोनात. प्रत्येक बोल्टपासून दोन न हलणाऱ्या गोष्टींची टेपने अंतरं: गडगा, विहिरीचा कट्टा, खांब. जीपीएस फक्त जवळ पोचायला.

लॉगर १० सेंटिमीटर खोल पुरा म्हणतात, पण सड्यावर माती तेवढी नसतेच. असेल तिथेच पुरला तर फक्त खोल मातीच्या खळग्यांचं तापमान मिळेल. मग ३ सेंटिमीटरवर पुरा, आणि ३ असं लिहा. तासाला एक नोंद पुरे. पाण्याखाली जाणार हे धरून झाकणाची रबरी कडी पावसाआधी बदला, बॅटरीही तेव्हाच. रानडुक्कर उकरतं, म्हणून वर सपाट दगड नको (दगडाने तापमान बदलतं), बारीक तारेची जाळी मातीखाली.

खाडीकाठची | ५ जून, रात्री १०:२०

यात एक जोड. गेंदांच्या जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखू नका. पांढऱ्या बटणांसारखी सगळी सारखीच दिसतात. खात्री करायची तर फुलाचे भाग आणि बियांचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. चौकटीतलं झाड उपटायचं नाही, तर बाहेर मीटरभरावरचं एखादं बटण घ्या. आणि भेट एकदाच नको. जूनअखेर दीपकाडी, ऑगस्टात सीतेची आसवं, सप्टेंबरअखेर गेंद. एकाच तारखेला गेलात तर निम्म्या जाती 'नाहीशा' झाल्या असं लिहून याल.

जांभादगड | ६ जून, सकाळी ८:००

सगळ्यांचे आभार. नवा मजकूर:

"झाडं चालत नाहीत. थंड डोंगरावर वरच्या कडेला नवी रोपं रुजतात, खालच्या कडेला जुनी झाडं सावकाश मरतात, आणि जातीची जागा बदलते. पश्चिम युरोपातल्या जंगलांतल्या १७१ वनस्पती दशकाला सरासरी २९ मीटर वर गेल्या. सिक्कीममध्ये हुकरच्या १८४९–५० च्या नोंदींशी ताडल्यावर जवळपास तेवढाच वेग निघाला. पण पाणी कमी पडलं तर काही जाती जागीच राहतात, आणि पाणी वाढलं तर काही खालीही येतात. आपल्या सड्यावरची फुलं तापमानापेक्षा पावसाच्या उघडिपीला घाबरतात. त्यांची जागा बदलते का, हे बघायला सड्यावर चार बोल्ट ठोकले आहेत."

बोल्ट अजून ठोकायचे आहेत, पण प्रदर्शन ऑगस्टात आहे, तोवर होतील. शेजारी दोन कडांचं चित्र.

संकासूर | ६ जून, सकाळी ८:२५

'घाबरतात' काढा. फुलं घाबरत नाहीत. 'उघडिपीने वाळतात' लिहा.

मोजपट्टी | ६ जून, सकाळी ८:४०

आणि बोल्ट जूनच्या मोठ्या पावसाआधी ठोका. ओल्या जांभ्यात ड्रिलचा चिखल भोकात बसतो, बोल्ट सैल राहतो. या आठवड्यात उघडीप आहे.

मालवणी_बांगडो | ६ जून, सकाळी ८:४४

ड्रिल माझ्याकडे आसा. वायर पन्नास मीटरची, सड्यार लाइट खय मिळतली तां तुमी बगा.